वरचा अर्धा सेंटिमीटर

बालतपासणी केंद्रातल्या मोजणीबाईंच्या खुर्चीची गादी एकोणतीस वर्षांत फाटली नाही, यात गादीचा काही मोठेपणा नव्हता. बाई तिच्यावर कधी धड बसल्याच नव्हत्या. एक मूल मोजून होतं न होतं तोच दाराशी जाऊन पुढच्याला हाक मारायची, येताना खिडकीची कडी लावायची, जाताना तीच कडी पुन्हा काढायची, तक्त्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा करायचा, आणि हे सगळं चालू असताना कुठल्या तरी आईच्या मागे "मोजे काढा, मोजे काढा" असा तगादा लावायचा. पायाला भिंगरी लागलेली बाई. शेजारच्या टेबलावर मुलांचं वजन करणारा माणूस होता. त्याला सगळे काटेवाला म्हणत. तो जागचा न हलता म्हणायचा, "बाई, जरा बूड टेकलंत तर इमारत पडणार नाही."

"तू टेकून बसलायस म्हणून मला उभं राहावं लागतं," बाई म्हणायच्या. हे रोजचं होतं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

काम ऐकायला सोपं. दोन वर्षांच्या आतलं मूल फळीवर आडवं निजवायचं, त्यापुढचं उभं करायचं. उभ्या मुलाच्या टाचा, पोटऱ्या, खांदे आणि डोक्याची मागची बाजू फळीला लागली पाहिजे. केस वर बांधले असतील तर सोडायचे. मग वरून सरकपट्टी डोक्यावर टेकवायची, आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. तक्त्यावर रेघा छापलेल्या असतात. मधली हिरवी, सगळ्यांत खालची लाल. ठिपका लाल रेघेच्या वर असला की आई घरी जाते, खाली गेला की डॉक्टरांच्या खोलीत. एवढंच. पण फळीपुढचं मूल हे मूल असतं. ते गुडघे वाकवतं, पट्टी डोक्याला लागली की मान आत ओढून घेतं, आणि नेमकं आकडा वाचायच्या क्षणी चवड्यांवर उभं राहतं. त्या चवड्यांपाशी बाईंचं सगळं बिनसलं.

झालं असं की, बऱ्याच वर्षांपूर्वी एक कोवळी आई सासूला घेऊन आली होती. ठिपका लाल रेघेखाली गेला. सासूने नुसतं सुनेकडे बघितलं. सुनेचा चेहरा एवढासा झाला आणि तो बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या खेपेला तेच मूल चवड्यांवर उभं राहिलं, तेव्हा बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. अर्धा सेंटिमीटर वाढला, ठिपका रेघेवर आला, सासूने नातवाचा मुका घेतला. ती सून जाताना बाईंचा हात धरून उभी राहिली. त्या दिवशी बाईंना आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. वाईट वाटलं असतं तर सवय लागली नसती.

सवय लागली. ज्या आईच्या डोळ्यांत पाणी येईलसं दिसे, तिच्या मुलाला बाई मनातल्या मनात "वरचा अर्धा" देऊन टाकत. भाजीवाला तराजूत वर चार शेंगा टाकतो, तसा. कुणाचं काय बिघडतंय, असं त्या स्वतःला विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मुलाला हाक मारत.

दीड वर्षापूर्वी केंद्रात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा जुना तक्ता उतरवला. तो इथल्याच मुलांना मोजून कधीकाळी बनवलेला होता. त्याच्या जागी त्यांनी आंतरराष्ट्रीय तक्ता लावला. अनेक देशांतली, आईचं दूध पिऊन वाढलेली, पोटभर खाणारी, धडधाकट मुलं वर्षानुवर्षं मोजून तो बनवलेला. पहिल्याच दिवशी धांदल उडाली. जुन्या तक्त्यावर सुखाने नांदणारी कितीतरी मुलं नव्या तक्त्यावर लाल रेघेखाली जाऊन बसली. एक आई बाईंच्या अंगावरच आली. "एका आठवड्यात काय झालं हो माझ्या पोराला? मागच्या मंगळवारी तर बरा होता."

बाई तणतणत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. "कुठली कुठली पोरं, कुठली हवा, कुठलं पाणी. आमच्या पोरांनी त्यांच्याशी शर्यत का लावायची?"

"शर्यत नाहीये, बाई." डॉक्टरीणबाई वयाने बाईंच्या मुलीएवढ्या, पण बोलायला शांत. "जुना तक्ता सांगायचा की इथली मुलं कशी वाढतात. हा सांगतो की खायला नीट मिळालं आणि आजार नसला तर मूल कसं वाढतं. पाच वर्षांपर्यंत कुठल्याही देशातलं मूल जवळजवळ सारखंच वाढतं, हेच तर त्यांना दिसलं."

"आणि आईबाप बुटके असले तर?"

"तर मूल थोडं खालच्या रेघेने वाढेल. पण ती रेघ धरून वाढेल. रेघ सोडून खाली यायला लागलं, की समजायचं काहीतरी बिघडलंय."

बाईंना हे पटलं नाही असं नाही. पटलं, आणि म्हणूनच त्यांचा जीव आणखी खालीवर व्हायला लागला. आता रोज दुप्पट आया रडवेल्या होत होत्या. वरचा अर्धा वाढून कधी पाऊण झाला, कधी एक, ते बाईंनाही कळलं नाही.

बाईंची नात चिंगी. तिची आई म्हणजे बाईंची एकुलती लेक, टपालकचेरीत कामाला. त्यामुळे चिंगी दिवसभर पाळणाघरात. तिथल्या ताई म्हणायच्या, "ठेवली तिथे बसते हो तुमची नात. आवाज म्हणून नाही." सगळे तिला गुणाची पोर म्हणत. जावई थट्टेने म्हणे, "आजीची भिंगरी नातीला लागली नाही, सुटलो आपण." चिंगी फळीला टेकून अशी निश्चल उभी राही, की केंद्रात तिच्याइतकं मोजायला सोपं मूल दुसरं नव्हतं. आणि तरीही बाई तिचा आकडा वाढवून लिहीत. कारण दुसऱ्या वाढदिवसाला तो त्यांना थोडा कमी वाटला होता, लेक शेजारी उभी होती, आणि लेकीचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे. अडीच वर्षांची झाली तेव्हा आणखी थोडा वाढवला. तिसऱ्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी तर जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढवावा लागला, तेव्हा कुठे ठिपके एका सरळ रेघेत आले. तक्ता बघून लेक खूश झाली. बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरी बाईंचं एक शिलाई मशीन होतं. जगात त्या बसत अशी तेवढी एकच जागा, कारण तिथे पाय हलवता येतात. चिंगीचे फ्रॉक त्याच शिवत. आधी वर्तमानपत्रावर बेत आखायचा, कागद कापायचा, मग कापडाला कात्री लावायची. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने चिंगीची त्या दिवशीची उंची लिहून ठेवायची. ती मात्र खरी, जशी फळीवर दिसली तशी. कापडाला उगाच वरचा अर्धा देऊन चालत नाही, फ्रॉक लोंबतो.

एक दिवस लेक सहज बोलून गेली, "आई, हिचा मागच्या वर्षीचा फ्रॉक अजून नीट होतो. खालची दुमडसुद्धा उसवायला लागली नाही. बरंय ना?"

"बरंच आहे की," बाई म्हणाल्या आणि उठून उगाच खिडकी पुसायला लागल्या. पुढे कितीतरी दिवस त्या केंद्रात येता-जाता रस्त्यावरच्या तीन वर्षांच्या मुली बघत राहिल्या. कुणाच्या डोक्यापर्यंत दुकानाचा ओटा येतो, कुणाचा हात दाराच्या कडीला पोचतो. मग स्वतःवरच चिडायच्या आणि भराभर चालायला लागायच्या.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी केल्या. जुनी लाकडी फळी अडगळीत टाकून नवी आणली. आणि नियम केला की प्रत्येक मुलाला दोघांनी वेगवेगळं मोजायचं. आधी बाईंनी, मग काटेवाल्याने. आकडा ज्याने त्याने चिठ्ठीवर लिहायचा, दुसऱ्याला दाखवायचा नाही. सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी परत मोजायचं. काटेवाल्याच्या कपाळाला घाम फुटला. बाईंचं उलटंच झालं. शेजारी दुसरी चिठ्ठी लिहिली जातेय म्हटल्यावर त्यांचा वरचा अर्धा पहिल्याच दिवशी आपोआप नाहीसा झाला, आणि त्यांची मापं इतकी अचूक यायला लागली की डॉक्टरीणबाईंनी काटेवाल्याला सांगितलं, "बाईंकडून शिका."

त्या आठवड्यात चिंगीची पाळी आली. तीन वर्षं दोन महिने. लेक रजा घेऊन आली होती. चिंगी फळीला टेकली आणि शहाण्यासारखी उभी राहिली. दोन चिठ्ठ्या उलगडल्या. दोन्हींवर सत्त्याऐंशी पॉइंट चार. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यात बघितलं. मागच्या नोंदीत एकोणनव्वद.

"मूल आखडत नाही," त्या म्हणाल्या.

बाई टेबलावरच्या पेन्सिली एका रांगेत लावायला लागल्या.

"जुन्या फळीचा दोष असणार," डॉक्टरीणबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "खालून वाकलीच होती ती. म्हणजे मागच्या नोंदी धरता येणार नाहीत. आज ठिपका रेघेच्या जरा खाली आहे, पण घरात सगळेच कमी उंचीचे आहात, त्यामुळे नुसत्या एका ठिपक्यावरून काही सांगता यायचं नाही. ही आपली रेघ धरून चाललीय की रेघ सोडून घसरतेय, हे कळायला दुसरा ठिपका लागेल. सहा महिन्यांनी परत बघू."

लेकीने मान डोलावली. चिंगीला दुपारी लस द्यायची होती, म्हणून ती तिला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली. फळी बिचारी अडगळीत, ती काही बोलायला येणार नव्हती. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. वर्षभरात निवृत्ती, निरोपाला चार चांगले शब्द आणि सगळ्या गावच्या आयांचा आशीर्वाद. फक्त सहा महिने गप्प बसायचं. आणि हे "बसायचं" तेवढं बाईंना जन्मात जमलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळच्या उरलेल्या वेळात त्यांनी एका मुलाचं नाव दुसऱ्याच्या तक्त्यावर लिहिलं, एका आईला दोनदा मोजे काढायला लावले. काटेवाला म्हणाला, "बाई, बरं वाटत नाहीये का?" त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली. दुसरा ठिपका त्यांच्याकडे होता. दुसराच काय, तिसरा आणि चौथाही होता. डॉक्टरीणबाई ज्याच्यासाठी सहा महिने थांबणार होत्या, ते दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं.

जेवणाच्या सुटीत त्या घरी गेल्या. गेल्या कसल्या, धावल्याच. पेटी उघडली, कागद काढले, पलंगावर पसरले. आठ महिन्यांपूर्वीचा कागद खाली ठेवला, तिसऱ्या वाढदिवसाचा त्याच्यावर. खांद्याला खांदा जुळवला. खालच्या कडा बघायचं धाडस होईना, म्हणून आधी बाह्या बघितल्या. मग कडा बघितल्या. एकावर एक बसल्या होत्या. मध्ये बोटही शिरलं नसतं. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि तशाच बसून राहिल्या. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त राग येत होता. तो कुणावर काढावा म्हणून घरात बघितलं तर घरात त्या एकट्याच होत्या.

सुटी संपायच्या आत त्यांनी लेकीला बाकावरून उठवलं, झोपाळलेल्या चिंगीसकट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं आणि कागद टेबलावर मांडले.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिच्या फ्रॉकचे बेत. कागदावर तारीख छापलेलीच आहे. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलीय ती हिची खरी उंची."

"खरी म्हणजे?"

"म्हणजे तक्त्यावर लिहिली ती नव्हे. फळी वाकलेली नव्हती, डॉक्टर. मी वाढवून लिहीत होते."

डॉक्टरीणबाईंनी एकेक कागद उचलून कोपरे वाचले, नव्या तक्त्यावर एकामागून एक ठिपके दिले आणि ते जोडले. रेघ आधी वर गेली, मग आडवी झाली. आठ महिन्यांत चिंगी एक सेंटिमीटरसुद्धा वाढलेली नव्हती.

"बद्धकोष्ठ असतं का हिला? थंडी जास्त वाजते? झोप जास्त?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो," लेक म्हणाली. "पण सगळे म्हणायचे, शांत आहे."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. मग पेन खाली ठेवून बाईंकडे वळल्या. "फक्त नातीचंच?"

"नाही."

"किती मुलांचं?"

"मोजलं नाही. ज्यांच्या आया रडायच्या, त्यांचं."

"बाई," डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही, पण बाईंना तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "रडणाऱ्या आयांचीच मुलं मला आधी बघायची होती."

लेक इतका वेळ त्या कागदांकडे बघत होती. "मला काळजी वाटायची ना, तेव्हा मी तक्ता काढून बघायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, आईच्या हातचं माप आहे, चुकायचं नाही."

"तू खूश व्हायचीस गं."

"मी खूश व्हावं म्हणून?" एवढं बोलून तिने चिंगीला उचललं आणि ती बाहेर गेली. बाई तिच्या मागे गेल्या नाहीत. पहिल्यांदाच त्यांचे पाय हलले नाहीत.

तपासणीत निघालं ते साधंच होतं. गळ्यातली एक ग्रंथी सुस्तावली होती, म्हणून वाढ थांबली होती. रोज सकाळी एक लहानशी गोळी. उशीर झालाय, पण गेलेलं बरंचसं भरून निघेल, आणखी सहा महिने गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाईंनी लेकीला सांगितलं. बाईंना त्यांनी कामावरून काढलं नाही. त्याहून कठीण काम दिलं. आठवतील तेवढी नावं लिहा आणि प्रत्येक मुलाला परत बोलावून आणा. बाईंना एक्केचाळीस नावं आठवली.

त्या दारोदार फिरल्या. भिंगरीचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. दार उघडलं की सांगायचं, तुमच्या मुलाचं माप मी चुकीचं लिहिलं, मुद्दाम लिहिलं, परत मोजायला या. कुणी आत बोलावून पाणी दिलं, कुणी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं सुनावलं. एकीने तोंडावर दार लावलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच दाराची कडी परत वाजवली, तिसऱ्या दिवशीही वाजवली, तेव्हा ती आली. एक्केचाळिसातली सहा मुलं मोठ्या दवाखान्यात पाठवावी लागली. सहा हा आकडा बाईंनी कुठे लिहून ठेवला नाही. तो त्यांना विसरता येत नव्हता.

लेक बोलत होती, पण गोळीपुरतंच. दिली का, दिली. संपत आली का, आणलीय. फोन बंद.

चार महिन्यांनी चिंगी परत मोजायला आली. आली म्हणजे दारातून आत घुसली, काटेवाल्याच्या काट्यावर चढली, उतरली, मोज्यांचा डबा उपडा केला. लेक मागून दमून आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "सकाळपासून एका जागी ठरत नाही," ती म्हणाली, बाईंकडे न बघता.

चिंगीला फळीला उभं करणं म्हणजे दिव्यच होतं. घरच्या मुलाचं माप बाईंनी घ्यायचं नाही असं ठरलेलं, म्हणून काटेवाला पट्टी धरून उभा राहिला आणि बाई जमिनीवर बसून चिंगीचे पाय धरायला लागल्या. काटेवाल्याने पट्टी टेकवली. खाली बसलेल्या बाईंकडे बघितलं, मग दाराशी उभ्या लेकीकडे बघितलं.

"एक्याण्णव पॉइंट सहा," तो मोठ्याने म्हणाला. "बघा, रेघेच्या वर आली पोर."

लेकीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाईंनी ते बघितलं. मग खाली बघितलं. चिंगीच्या टाचेखाली उजेड दिसत होता.

"टाचा उचललेल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"असू द्या हो बाई. किती वळवळतेय. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय?"

हा आवाज बाई ओळखत होत्या. इतकी वर्षं तो त्यांच्याच तोंडात होता. त्यांनी दोन्ही तळव्यांनी चिंगीचे पाय फळीशी घट्ट धरले, गुडघ्यांवर हलकेच हात ठेवला, टाचा टेकवल्या. चिंगी ओरडली. बाईंनी सोडलं नाही.

"परत वाच. नीट वाच."

"नव्वद पॉइंट सात," काटेवाला पडेल आवाजात म्हणाला. बाईंनी आणखी एकदा मोजायला लावलं. तेच आलं.

बाई उठल्या आणि तक्ता पुढे ओढला. ठिपका लाल रेघेच्या केसभर खाली येत होता. पेन्सिल जराशी वर सरकवली असती तर वर गेला असता. त्यांनी तो खालीच दिला. लेक खांद्यावरून वाकून बघत होती आणि तिचं हसू मावळलं होतं.

"खालीच आहे ना अजून?"

"खालीच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली. "चार महिन्यांत सव्वातीन वाढलीय. एवढीच वाढलीय."

लेकीने तक्ता हातात घेतला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. चिंगी तोवर हातातून निसटून दाराबाहेर पळाली होती आणि काटेवाला तिच्या मागे धावत होता. लेकीने तक्त्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

"पुढच्या वेळी टाचा तूच धर," ती म्हणाली.